झाडीतलं काडतूस

विलास नाफडेने आयुष्यात हरिण मारलं नव्हतं, ससा मारला नव्हता, आणि घरात झुरळ निघालं तर चप्पल घेऊन कुंदालाच उठावं लागायचं. पण दर शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी, दुबईच्या करामा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये जेवणं उरकली, की तो स्वतः टेबल पुसायचा आणि दाट झाडीत हरणाच्या शिकारीला कोणतं काडतूस चांगलं, हे पाहुण्यांना समजावून सांगायला बसायचा. आठवडाभरात घरातलं तेवढंच एक काम तो न सांगता करत असे.

पाहुणे म्हणजे अल क्वोजच्या वर्कशॉपमधले आपल्याकडचे चार-पाच जण. आठवडाभर कामगारांच्या कॅम्पातली डाळ खाऊन कंटाळलेले. त्यांतला महादू नावाचा वेल्डर खटाव तालुक्यातला, बाकीचे राजापूर-लांज्याकडचे. ते यायचे कुंदाच्या हातच्या मटणासाठी. मटणाच्या मागून काडतुसं येतात हे त्यांनी केव्हाच पत्करलं होतं. पोटं भरलेली असायची, एसी चालू असायचा, मान डोलवायला काही जात नव्हतं.

"कुंदा, तुझी लिपस्टिक दे गं," विलास म्हणायचा.

ती द्यायची. टेबलावर लिपस्टिक, भुवयांची पेन्सिल, एक पेन्सिल सेल आणि टोपण लावलेलं जाड मार्कर अशी रांग लागायची. भुवयांची पेन्सिल म्हणजे टू-फॉर्टी-थ्री, सेल म्हणजे थ्री-ओ-एट, मार्कर म्हणजे सेव्हन एमएम मॅग्नम, आणि बोथट टोकाची लिपस्टिक म्हणजे थर्टी-थर्टी.

"उघड्या माळावर जनावर तीनशे मीटरवर असतं. तिथे वेग पाहिजे, कबूल," तो मार्कर उचलून म्हणायचा. "झाडीत ते दिसतं साठ मीटरवर, तेही अर्धंमुर्धं. मध्ये फांद्या, पाला, वेली. तिथे ही मॅग्नम घेऊन जाणारा माणूस मूर्ख. वेगवान गोळी काडीला लागली की भरकटते. ही आपली थर्टी-थर्टी बघा. जड अंग, बोथट नाक, चाल सावकाश. काट्याकुट्यातून म्हशीसारखी सरळ जाते."

महादू लिपस्टिककडे बघून म्हणायचा, "बरोबर आहे साहेब."

कुंदा आतून भांडी लावताना ऐकायची. हे सगळं दुकानात येणाऱ्या अमेरिकन मासिकांतलं आहे, म्हैस तेवढी त्याची स्वतःची आहे, हे तिला माहीत होतं. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, तेही ठरलेलं होतं. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, वाढायचं मात्र तिने.

विलास दुबईत आला तो बोटींच्या इंजिनांचे पार्ट्स विकायला. दुकानाचा मालक अबू माजिद. त्याला सगळे अरबाब म्हणत. अरबाबचं देरा भागातलं दुकान मोठं होतं. एका बाजूला इंजिनं, दुसऱ्या बाजूला तंबू, दुर्बिणी, ससाण्यांची सामग्री आणि परवान्यावर मिळणाऱ्या बंदुका. चौऱ्याण्णव साली बंदुकांच्या काउंटरवरचा फिलिपिनो सोडून गेला आणि अरबाबने विलासला तिकडे उभं केलं. काउंटर बदलला तसा माणूस बदलला. इंजिनांबद्दल त्याने घरी कधी चकार शब्द काढला नव्हता. आता तो कॅटलॉग संडासात घेऊन बसायला लागला. नेमबाजीच्या रेंजवर दोन-चार वेळा कागदाला भोकं पाडून आला आणि तेवढ्या भांडवलावर बोलण्याचा संसार थाटला.

कुंदा एका क्लिनिकच्या लॅबमध्ये टेक्निशियन होती. रक्त, लघवी, थुंकी. दिवसभर माणसांच्या आतलं बघायची. आणि लहानपणी तिने जनावरांच्या आतलंही बघितलं होतं. तिचे वडील दाजीपूरच्या जंगलात वनरक्षक होते. कुणी चोरून बार टाकला आणि जनावर जखमी होऊन पळालं, की दुसऱ्या दिवशी सकाळी ते माग काढत निघायचे. आई नव्हती, शाळा लांब. मग कुंदाही मागोमाग जायची. एकदा एक सांबर त्यांना ओढ्यात बसलेलं सापडलं. गोळी पोटात लागलेली, दोन दिवस झालेले. वास असा, की कुंदाने फ्रॉकने नाक दाबलं. वडिलांनी तिला पाठ फिरवायला सांगितली आणि सरकारी बंदुकीने ते संपवलं. परत येताना ते एवढंच बोलले, "वाट मोकळी नव्हती तर चाप ओढलाच कशाला हरामखोराने."

ही गोष्ट तिने लग्नानंतर विलासला सांगितली होती. तेव्हा तो इंजिनांत होता, त्याने जांभई दिली. काउंटर बदलल्यावर मात्र त्याला ती आठवली, आणि एका शुक्रवारी त्याने पाहुण्यांना सांगितलं, "आमचे सासरे मोठे शिकारी. दाजीपूरच्या जंगलात सांबरं पाडलीत त्यांनी." कुंदाच्या हातात पापडाची थाळी होती. ती तशीच उभी राहिली. त्या दिवसापासून तिने त्याच्या बोलण्यावर चिडणं सोडून दिलं. चिडायला थोडी आशा लागते. ती फक्त बघू लागली, सिंकवर चढलेल्या मुंगीकडे बघावं तशी.

अरबाबची उम्म अल कुवैनच्या आतल्या बाजूला मोठी बाग होती. बाग कसली, त्याने वाळूत जंगलच लावलं होतं. गाफ, बोर, निलगिरी, मध्ये करवंदीसारखी दाट झुडपं. झाडाझाडाच्या बुडाशी ठिबकची काळी नळी, आणि सगळ्याला भोवती उंच जाळी. त्यात त्याने हिंदुस्तानातून आणवलेली चितळं सोडली होती. पाणी नळीचं, चारा ट्रकचा, पण झाडी खरी होती. दहा पावलांवरचा माणूस दिसत नसे.

नव्याण्णवच्या डिसेंबरात तिथला एक नर बिथरला. त्याने राखणदार मुनीरच्या मांडीत शिंग घातलं. मुनीर बलुची माणूस, चाळिशी उलटलेला. टाके घालून परत कामावर आला, पण आत जाताना हातात काठी धरू लागला. अरबाबने ठरवलं, नर मारायचा. दुकानात येऊन तो विलासला म्हणाला, "शुक्रवार तुम आओ. फॅमिली भी लाओ. खाना उधर."

घरी विलासच्या पायाला जमीन लागेना. गुरुवारी रात्री त्याने आरशासमोर उभं राहून कुंदाच्या लाटण्याने नेम धरून पाहिला. त्यांची मुलगी मिहिका तेव्हा नऊ वर्षांची, इथेच वाढलेली. तिने विचारलं, "बाबा, आर यू गोइंग टू किल इट?"

"मी सल्ला द्यायला जातोय," विलास म्हणाला. "निर्णय काडतुसाचा असतो, बेटा."

शुक्रवारी सकाळी बागेत पोचले तेव्हा गाफाच्या सावलीत गालिचा अंथरला होता. कहवा, खजूर, अरबाबचे दोन पाहुणे. आणि एका टेबलावर तीन बंदुका. एक जुनी थर्टी-थर्टी, लाकूड झिजलेलं. एक थ्री-ओ-एट. आणि तिसरी नवीकोरी, चकचकीत दुर्बीण लावलेली सेव्हन एमएम मॅग्नम. ती अरबाबने त्याच महिन्यात मागवली होती. तिच्यावरून तो राहून राहून हात फिरवत होता.

"विलास, तुम बोलो," अरबाब म्हणाला. "इधर झाड बहुत. कौनसा अच्छा?"

कुंदा मिहिकाला संत्रं सोलून देत होती. तिचा हात थांबला. सहा वर्षं. सहा वर्षांचे शुक्रवार, तिची लिपस्टिक, ती म्हैस, झाडीत मॅग्नम नेणारा मूर्ख. तिला स्वतःचीच लाज वाटली, पण क्षणभर तिला खरोखर उत्सुकता होती. बाकी सगळं खोटं असलं तरी एवढं एक मत तरी याचं स्वतःचं असेल, असं तिला वाटून गेलं.

विलासने जुन्या बंदुकीकडे पाहिलं. मग अरबाबच्या हाताकडे पाहिलं.

"मॅग्नम, अरबाब," तो म्हणाला. "नंबर वन चॉइस. इसका पॉवर अलग है. झाड-वाड कुछ नहीं देखता."

अरबाब खूश झाला. पाहुण्यांकडे वळून अरबीत काहीतरी म्हणाला आणि बंदूक उचलून विलासच्या हातात दिली. "तो यल्ला. तुम एक्स्पर्ट. तुम मारो."

विलासचा चेहरा कुंदाने त्या वेळी पाहिला, तो तिला पुढे कितीतरी दिवस दिसत राहिला. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि हो बाहेर पडलं.

मुनीर लंगडत पुढे, मागे विलास, मागे अरबाब आणि पाहुणे. अरबाबच्या बायकोसकट सगळ्या बायकापोरांनी जाळीजवळच्या ओट्यावर थांबायचं होतं. तिथून झाडीची एक फट सरळ दिसत होती. थोड्या वेळाने त्या फटीत नर आला. देखणा होता. पाठीवर ठिपके, शिंगं उंच, मान वर करून कान हलवत उभा. पुढच्या अंगावर बोरीची फांदी आडवी आली होती. पोट आणि मागचा भाग तेवढा मोकळा.

मुनीर हाताने थांब, थांब अशी खूण करत होता. जनावर एक पाऊल पुढे आलं असतं तर छाती मोकळी झाली असती. कुंदाला ते इतक्या लांबून कळत होतं.

बार झाला. पक्षी उडाले. चितळाने पाठ कुबडासारखी वर घेतली, मागचे पाय झाडले आणि ते वाकूनच झाडीत शिरलं. त्याच वेळी विलास ओरडून खाली बसला. मॅग्नमचा धक्का त्याला झेपला नव्हता आणि दुर्बिणीला डोळा चिकटवून धरला होता. दुर्बिणीची कड भुवईत घुसून अर्धचंद्राची जखम झाली होती. रक्त नाकावरून शर्टावर गळत होतं.

मग सगळे विलासभोवती जमले. पाणी आलं, बर्फ आला, अरबाबने स्वतःचा रुमाल दिला. कुंदा जवळ गेली, बोटांनी जखम उघडून पाहिली. कातडीच फाटली होती.

"काही झालेलं नाही," ती म्हणाली. "जनावराच्या मागे कोण जातंय?"

"थांबायचं असतं," विलास रुमालाआडून म्हणाला. "अर्धा तास तरी. नियम आहे. लगेच गेलं तर ते लांब पळतं."

"जाळी आहे चारही बाजूंनी. कुठे पळणार ते?"

"कुंदा, तुला यातलं कळत नाही."

अर्धा तास झाला. मग जेवण आलं. बिर्याणीच्या थाळ्याभोवती सगळे बसले आणि विलास अरबाबला सांगू लागला, की गोळी नेमकी होती, मध्ये काडी आली, शेवटच्या क्षणी काडी आली. अरबाब मान डोलवत होता. कुंदाने ते डोलणं ओळखलं. अगदी महादूसारखं होतं.

ती उठली. मिहिकाला तिने अरबाबच्या बायकोपाशी बसवलं आणि मुनीरला म्हणाली, "भाईजान, चलो."

मुनीरने एकदा मालकाकडे पाहिलं. मालक खात होता. मुनीरने काठी आणि सुरी घेतली.

जिथे नर उभा होता तिथे पाल्यावर रक्त थोडंच होतं, आणि त्यात पोटातला हिरवट चोथा. दोघांनीही तो पाहिला. पुढे ठिबकच्या नळ्या ओलांडत, वाकून, काटे बाजूला करत ते गेले. चितळ निलगिरीच्या बुंध्याला टेकून बसलं होतं. माशा आल्या होत्या. त्याने मान उचलायचा प्रयत्न केला, जमलं नाही. बोरीची फांदी आड आली होती ती छातीला. पोट मोकळं होतं, आणि गोळी पोटातच लागली होती. काडीबिडी काही आली नव्हती. विलासने जे दिसलं त्यावर मारलं होतं, एवढंच.

"मैंने बोला था, रुको," मुनीर म्हणाला.

"देखा मैंने."

तो म्हणाला, "बहनजी, उधर देखो." कुंदाने या खेपेला पाठ फिरवली नाही. मुनीरने दुखऱ्या मांडीवर कसाबसा गुडघा टेकला, बिस्मिल्ला म्हटलं आणि सुरी चालवली. ती शेवटपर्यंत तिथे उभी राहिली. ओढ्यातला तोच जुना वास आला होता.

दोघं परत आल्यावर विलासने पहिला प्रश्न विचारला, "शिंगं शाबूत आहेत ना?"

भुवईला पाच टाके पडले. ते निघायच्या आधीच शुक्रवारी टेबलावर नवी कहाणी सुरू झाली. पहिल्यांदा त्यात मॅग्नम होती आणि काडी होती. नंतर काडी गेली. मग नर जखमी होऊन अंगावर धावून आला. फेब्रुवारीपर्यंत भुवईवरची खूण ही शिंगाची झाली.

"एवढ्यावरनं डोळा वाचला," तो बोटाने दाखवायचा. "पण दुसरी गोळी मारली नाही मी. एकाच गोळीत खलास."

कुंदा स्वयंपाकघरातून बाहेर आली. हात पुसत ती टेबलाशी उभी राहिली.

"पोटात लागली होती," ती म्हणाली. "ते तासभर तडफडत होतं आणि हे बिर्याणी खात होते. भुवईला दुर्बीण लागली. मारलं ते मुनीरने, सुरीने."

महादूने खाली पाहिलं. मग विलास हसला.

"तिला रक्त बघवत नाही," तो म्हणाला. "बायकांचं मन."

आणि सगळे हसले. लॅबमध्ये दिवसाला शंभर माणसांचं रक्त काढणाऱ्या बाईबद्दल हे बोललं गेलं होतं, आणि त्यांतल्या तिघांचं रक्त तिनेच काढलं होतं, तरीही हसले. कुंदाला त्या क्षणी नवऱ्यापेक्षा या माणसांची जास्त किळस आली. खोटं बोलणाऱ्याला निदान काही मेहनत पडते.

त्या संध्याकाळी तिने मिहिकाला विचारलं, "तू पण होतीस ना तिथे? बाबांनी सांगितलं तसं झालं का?"

"नो," मिहिका होमवर्कमधून मान वर न काढता म्हणाली. "बट आय डोंट माइंड, आई. ही लुक्स हॅपी."

नऊ वर्षांच्या मुलीला बापाची कीव करता येते आणि आपल्याला येत नाही, याने कुंदा दोन दिवस अस्वस्थ होती. कीव करून पाहिली. जमली नाही.

एप्रिलमध्ये एकदा लॅबमधून सुटल्यावर ती दुकानात गेली. विलासबरोबर गाडीने घरी जायचं होतं. काउंटरच्या वर, भिंतीवर, चितळाचं डोकं लावलं होतं. काचेचे डोळे, शिंगं पॉलिश केलेली. विलास त्याखाली पावत्या आवरत होता. तेवढ्यात अरबाब एका पाहुण्याला घेऊन आत आला. पाहुणा कुवेतहून आला होता, इंग्रजी बोलत होता. डोक्याकडे पाहून त्याने विचारलं, हे कुठलं?

"माय फार्म," अरबाब म्हणाला. "आय शूट. बिग ट्री, बिग ट्री, स्मॉल होल, आय शूट." त्याने हाताने नेम धरून दाखवला. मग काउंटरकडे वळला. "विलास नोज. विलास, टेल हिम. विच बुलेट?"

कुंदा तंबूंच्या ढिगाशी उभी होती. विलासला ती दिसत होती.

त्याने पावत्या खाली ठेवल्या, कॉलर नीट केली आणि सुरुवात केली. झाडीत दिसतं किती कमी, फांद्या आड येतात कशा, हलक्या काडतुसाचं काय होतं, जड काडतुसाचं काय होतं, आणि या सगळ्यांत अरबाबने मॅग्नम का निवडली, किती धीर धरला, छाती मोकळी होईपर्यंत कसा थांबला. सिक्स्टी मीटर्स, सर. वन शॉट. थांबायच्या जागा त्याच, आवाज खाली आणायची जागा तीच. मोडक्या इंग्रजीत तो पूर्वी कधी बोलला नव्हता इतकं चांगलं बोलला. कुवेती खूश झाला. जाता जाता त्याने स्वतःच्या भुवईवर बोट ठेवून विचारलं, तुम्हाला हे काय झालं?

"कबर्ड डोअर, सर," विलास म्हणाला.

घरी जाताना पुलाच्या तोंडाशी सिग्नलला गाड्या तुंबल्या होत्या. मग विलासच म्हणाला, "काडतूस तर अरबाबचंच होतं ना शेवटी. बंदूक त्याची, बाग त्याची, जनावर त्याचं."

कुंदाने त्याच्याकडे पाहिलं. इतकी वर्षं तिला वाटत होतं, की हा खोटं बोलतो ते मोठं दिसायला. खोट्यात निदान हाव असते, काहीतरी स्वतःसाठी हवं असतं. हा तेही मालकाच्या पायावर घालून मोकळा झाला होता, आणि वर हिशेब बरोबर असल्यासारखा स्टिअरिंगवर बोटं वाजवत होता.

"सिग्नल सुटलाय," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यापासून तिने क्लिनिकमध्ये शुक्रवारची ड्यूटी मागून घेतली. महादू आणि मंडळी दोन शुक्रवार आली. विलासने बाहेरून जेवण मागवलं, ते बेचव होतं. तिसऱ्या शुक्रवारी कुणी आलं नाही. कुणाला काही वाईट वाटल्याचं कुंदाला कळलं नाही.

अरबाबच्या मुलाने दोन हजार तीन साली दुकान हातात घेतलं आणि बंदुकांचा काउंटर बंद केला. तिथे मोबाइल फोन आले. चितळाचं डोकं कुणी नेलं ते विलासलाही ठाऊक नव्हतं. त्याला जबल अलीच्या गोडाउनमध्ये परत इंजिनांच्या पार्ट्सवर धाडलं. तिथे दिवसभर त्याच्यासमोर लाकडी खोकी असत. तो घरी येऊन टीव्ही लावायचा आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं काहीच उरलं नाही.

त्या वर्षी कुंदाच्या लॅबमध्ये नागपूरची अनुपमा नावाची नवी मुलगी रुजू झाली. लघळ होती, सगळ्यांची चौकशी करायची. डबा खाताना तिने विचारलं, "मॅडम, तुमचे मिस्टर काय करतात?"

"बोटींचे पार्ट्स विकतात."

"आणि बाकी काही आवड वगैरे? माझ्या बाबांना पतंगांचं फार वेड आहे."

कुंदाने थोडा विचार केला.

"नाही," ती म्हणाली, आणि डब्याचं झाकण लावून ती हात धुवायला गेली.